वाचकांचे प्रश्न : धूळ खात पडलेली स्पोर्ट्स कार, खरी किती आणि घेण्याजोगी किती

वर्षानुवर्षं शेडमध्ये बंद असलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं वाचण्याआधी एकच विनंती. गाडी पाहायला जाताना बादली, कापड आणि जंपर केबल घरी ठेवा. टॉर्च, कॅमेरा आणि छोटा आरसा न्या. गाडी खरी की खोटी हे ठरवणारा बराचसा पुरावा तिच्या अंगावरच असतो आणि पहिल्याच धुण्यात त्यातला बराच वाहून जातो.

प्रश्न : ओळखीच्या कुटुंबाच्या शेडमध्ये जॅग्वार ई-टाइप ३.८ (३.८ लिटर इंजिनाची) रोडस्टर, म्हणजे उघडी दोन सीटची गाडी, कित्येक वर्षं उभी आहे. ती ‘मॅचिंग नंबर्स’ आहे, म्हणजे तिचे मुख्य भाग कारखान्यातून निघाले तेव्हाचेच आहेत, असं ते सांगतात. हे पडताळायचं कसं?

उत्तर : प्लेटवरचा नंबर इंजिनवरच्या नंबराशी जुळला की लोक खूश होतात. पण प्लेट नवी करून मिळते आणि तिच्यावर हवा तो नंबर पंच करता येतो. नंबर जुळायला हवेत ते कारखान्याच्या नोंदीशी.

ई-टाइपमध्ये चॅसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चार नंबर पाहायचे. चारही इंजिन-बेमधल्या प्लेटवर असतात, पण सुरुवात प्लेटवरून करू नका, धातूत ठोकलेल्या नंबरांवरून करा. चॅसिस नंबर पुढच्या नळ्यांच्या फ्रेमवर उजव्या बाजूला, शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगपाशी सापडतो. इंजिन नंबर दोन ठिकाणी असतो : ब्लॉकवर उजवीकडे ऑइल फिल्टरच्या वर, आणि हेडच्या पुढच्या टोकाला. हे दोन वेगळे निघाले तर हेड कधीतरी बदललं आहे. गिअरबॉक्सचा नंबर त्याच्या कास्टिंगच्या वरच्या भागात असतो आणि बॉडी नंबरची वेगळी छोटी प्लेट असते.

आता चॅसिस नंबर वाचा. ३.८ मध्ये उजव्या स्टिअरिंगच्या रोडस्टरची मालिका ८५०००१ पासून सुरू होते, उजव्या स्टिअरिंगच्या कूपेची (बंद छपराच्या गाडीची) ८६०००१ पासून, डाव्या स्टिअरिंगच्या रोडस्टरची ८७५००१ पासून आणि डाव्या स्टिअरिंगच्या कूपेची ८८५००१ पासून. म्हणजे समोर रोडस्टर उभी आहे आणि नंबर ८८६ ने सुरू होतो, तर ती जन्माने कूपे आहे आणि तिचं छप्पर नंतर कापलेलं आहे. स्टिअरिंग एका बाजूचं आणि नंबर दुसऱ्या बाजूचा, हा प्रकारही बराच दिसतो. त्यात फसवणूक असतेच असं नाही. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना पुष्कळ गाड्यांचं स्टिअरिंग बदललं गेलं. पण ते किमतीत धरायला हवं.

३.८ च्या इंजिनाचा नंबर ‘आर’ने सुरू होतो आणि शेवटी ८ किंवा ९ असतो. तो कॉम्प्रेशन रेशो. सुरुवातीला ‘७ई’ दिसलं तर इंजिन १९६४ नंतरच्या ४.२ चं आहे. ‘एलसी’ दिसलं तर ते जॅग्वारच्याच मार्क २ सलूनमधून (चार दरवाजांच्या गाडीतून) आलेलं. सलूनचं इंजिन बसवलेली ई-टाइप छान चालते, मात्र तिला मूळ इंजिनाची गाडी म्हणून विकता येत नाही.

नवखे लोक नेमके पुढच्या फ्रेमपाशी फसतात. ई-टाइपची ही फ्रेम मागच्या मोनोकॉक, म्हणजे वेगळ्या चॅसिसशिवाय पत्र्यानेच भार पेलणाऱ्या, बॉडीला बोल्टने जोडलेली असते. अपघातात ती वाकते, बॅटरीचं ॲसिड सांडून सडते, नळ्या आतून गंजतात आणि मग ती बदलली जाते. नवी फ्रेम कोरी येते आणि जुना नंबर तिच्यावर पुन्हा ठोकतात. हे काम प्रामाणिकपणे केलेलं असू शकतं. पण त्यामुळे असंही होऊ शकतं की चॅसिस नंबर एका गाडीचा आणि मागची अख्खी बॉडी दुसरीची. म्हणून ई-टाइपमध्ये बॉडी नंबरला आम्ही इंजिन नंबराइतकंच महत्त्व देतो. बॉडी नंबरची प्लेट गायब असेल तर ‘पडली असेल कुठेतरी’ एवढ्यावर समाधान मानू नका.

नंबर पाहताना टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. घासल्याच्या खुणा, आधीच्या अंकांचे पुसट कंगोरे, भोवतीचं वेल्डिंग यांच्या सावल्या पडतात आणि उघड्या डोळ्यांनी दिसतात. मग नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिलने घासून ठसा घ्या. फोटोत अंकांची उंची फसवते, ठशात नाही. अंकांची घडण, खोली आणि अंतर त्याच काळातल्या दुसऱ्या खात्रीच्या गाडीशी ताडून पाहा. हाताने ठोकलेले अंक थोडे वाकडेतिकडे असणं नैसर्गिक आहे. काळजी वाटावी ती गुळगुळीत घासलेल्या जागेवर बसलेल्या सुबक अंकांची.

शेवटी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र. त्यात मूळ चारही नंबर, बाहेरचा आणि आतला रंग, तयार झाल्याची आणि रवाना झाल्याची तारीख, आणि गाडी कोणत्या वितरकाकडे गेली ते मिळतं. अर्ज मालकाच्या नावे करायचा असतो. सौदा पक्का होण्याआधी विकणाऱ्यालाच तो करायला लावा. टाळाटाळ झाली तर थांबा.

आणखी एक. १९६१ च्या अगदी पहिल्या सुमारे ५०० गाड्यांत बॉनेटची कुलपं बाहेरून, टी-आकाराच्या चावीने उघडणारी होती आणि १९६२ च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांना तळाचा पत्रा सपाट होता. या दोन्ही गोष्टींना भाव आहे, त्यामुळे नंतरच्या गाड्यांवर त्या मुद्दाम बसवल्या जातात. तळ सपाट आणि नंबर नंतरच्या मालिकेतला, अशी जोडी दिसली की कारण विचारा.

प्रश्न : वरून रंग बरा दिसतो. खालचा पत्रा मूळचा आहे की पुट्टी, हे लोहचुंबकाने कळेल का?

उत्तर : अर्धं कळेल. चुंबक कागदात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही असा, हळूहळू फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे थर जाड. मात्र त्या काळातल्या अनेक गाड्यांचे सांधे कारखान्यातच शिशाने भरून गुळगुळीत केलेले असायचे. शिशालाही चुंबक लागत नाही. दोन पॅनलच्या सांध्यावर अरुंद, सरळ पट्ट्यात पकड सुटली तर ती बहुधा मूळची शिशाची भराई आहे आणि ती असणं चांगलंच. दरवाजाच्या मध्यभागी किंवा मागच्या चाकाच्या कमानीवर तळहाताएवढा पट्टा सुटला तर ती पुट्टी.

रंगाच्या जाडीचं मीटर मिळालं तर काम नेमकं होतं. मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनमध्ये राहतो, एकदा पुन्हा रंगवलेली गाडी २०० ते ३०० दाखवते आणि हजाराच्या वर गेलं की खाली पुट्टी आहे. एका पॅनलवर पाच-सहा ठिकाणी मोजा. सगळीकडे सारखेच ३०० आले तर नुसता पुन्हा रंग दिलेला आहे. १२०, १३०, ९००, १४० असं आलं तर मधल्या जागी काहीतरी दुरुस्त झालं आहे. ॲल्युमिनियमच्या बॉडीला साधं चुंबकीय मीटर चालत नाही, दोन्ही धातू वाचणारं घ्या. फायबरग्लासवर दोन्ही निरुपयोगी.

पण खरी परीक्षा खालून. उघड्या मोनोकॉक गाड्यांचा सगळा जोर सिल्सवर, म्हणजे दरवाजांखालच्या लांब पोकळ पट्ट्यांवर, असतो. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये बाहेरचं सिल नवं आणि चकचकीत असूनही आतलं पोकळ असलेलं पुष्कळदा सापडतं, कारण बाहेरचं बदलणं सोपं आणि आतलं बदलायला गाडी सरळ धरून, दरवाजे बसवून, जागच्या जागी वेल्डिंग करावं लागतं. ओळखायची रीत : दरवाजा बंद करून दरवाजा आणि मागच्या फेंडरमधली फट वर आणि खाली मोजा. मग गाडी एका बाजूने मधोमध जॅकवर थोडी उचला आणि पुन्हा मोजा. फट बदलली किंवा दरवाजा अडकू लागला तर सांगाडा वाकतोय. तळाचा पत्रा अगदीच नाजूक दिसत असेल तर जॅक लावूच नका.

ई-टाइपमध्ये मागच्या रेडियस आर्मची (मागचं सस्पेन्शन बॉडीला जोडणाऱ्या दांड्याची) माउंटिंग, सिल्सची टोकं, सीटखालचा तळ आणि पुढची फ्रेम जिथे बल्कहेडला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) जोडते ती जागा पाहा. बल्कहेड सडलेलं असेल तर दुरुस्ती शक्य आहे, पण ती जवळजवळ नव्याने बॉडी उभारण्याइतकी मोठी होते.

प्रश्न : विकणारा म्हणतो गाडी तीस-चाळीस वर्षं हललेली नाही. पण काहीतरी खटकतंय. धूळ मुद्दाम टाकलेली असते का?

उत्तर : असते. ‘शेडमध्ये सापडली’ या शब्दांना भाव आला तेव्हापासून हा उद्योग चालतो. खरी धूळ थरांनी बसते : आडव्या जागी जाड, उभ्या जागी पातळ, कडांखाली जवळजवळ नाहीच. आर्द्रतेमुळे खालचा थर रंगाला चिकटलेला असतो आणि बोटाने पुसला तरी डाग राहतो. टाकलेली धूळ सगळीकडे सारखी, सैल आणि फुंकरीने उडणारी. वायपर हलकेच उचलून त्याखालची काच पाहा. खऱ्या गाडीत तिथे रबराची छाप उमटलेली असते.

मग धुळीशी बाकीच्या गोष्टी जुळतात का ते पाहा. टायरच्या बाजूवर तयार झाल्याची तारीख असते. २००० पासून ती चार आकडी, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. त्याआधी तीन आकडी. ‘१९८५ पासून बंद’ गाडीला ‘२३१२’चे टायर असतील तर ते २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यातले आहेत. कुणीतरी ती मधल्या काळात बाहेर काढली होती. बॅटरीवरची तारीख, सर्व्हिसचं स्टिकर, डॅशबोर्डच्या कप्प्यातली बिलं हेही वाचा. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडा. दशकानुदशकं पडलेलं ब्रेक ऑइल काळपट, गढूळ आणि बऱ्याचदा तळाशी जेलीसारखं झालेलं असतं. स्वच्छ, पिवळसर असेल तर ते अलीकडे भरलेलं आहे. टाकीचं झाकण उघडल्यावर जुन्या पेट्रोलचा आंबूस, व्हार्निशसारखा वास यायला हवा. एका जागी उभ्या गाडीच्या टायरला सपाट चट्टा पडतो आणि चाकाखालची जमीन आजूबाजूपेक्षा वेगळी दिसते. गाडी ढकलून बाहेर घेण्याआधी त्या जमिनीचा फोटो काढा.

उंदरांची घरटीही साक्ष देतात. खऱ्या घरट्यात सीटचं स्टफिंग, वायरिंगचं कापड, इन्सुलेशन असं त्याच गाडीतलं सामान असतं.

प्रश्न : १९६६ ची कॉर्व्हेट, ३२७ (घनइंची) इंजिन. इंजिन मूळचं आहे हे नंबरांवरून कसं ओळखावं?

उत्तर : इथे तारखांची साखळी लावायची असते. ब्लॉकच्या पुढे उजव्या हेडखाली एक सपाट पॅड आहे. त्यावर दोन गोष्टी ठोकलेल्या असतात : इंजिन जुळवल्याचा कोड आणि गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे. कोडमधलं पहिलं अक्षर कारखान्याचं, ‘एफ’ म्हणजे फ्लिंट. पुढचे चार आकडे महिना आणि दिवस, म्हणजे ०३१५ असेल तर १५ मार्च. शेवटची अक्षरं इंजिनाचा प्रकार सांगतात. १९६६ मध्ये गाडीच्या नंबराचा भाग ६ ने सुरू होतो आणि पुढे गाडीचा क्रमांक येतो.

ब्लॉकच्या मागच्या टोकाला कास्टिंग नंबर आणि कास्टिंगची तारीख ओतलेली असते, ठोकलेली नसते. ‘सी १४ ६’ म्हणजे मार्चची १४ तारीख, १९६६. क्रम असाच हवा : आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळवलं, मग गाडी तयार झाली. मधलं अंतर बहुतेक वेळा काही दिवस ते काही आठवडे असतं. कॉर्व्हेट पारखणारे सहा महिन्यांपर्यंतचं अंतर मान्य करतात. इंजिन गाडीनंतर जुळवलेलं निघालं तर प्रश्नच मिटला.

आता पॅडचा पृष्ठभाग. ब्लॉकचा वरचा भाग कारखान्यात ब्रोच या दातेरी कापणीच्या हत्याराने कापला जाई, त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा राहतात आणि अंक त्या रेषांवर ठोकलेले दिसतात. पॅड गुळगुळीत किंवा गोलसर ओरखड्यांचं असेल तर तिथे नंतर काम झालं आहे. पण लगेच फसवणूक म्हणू नका. ओव्हरहॉल करताना ब्लॉक वरून मशीन केला की रेषा आणि नंबर दोन्ही जातात. तसं झालं असेल तर पॅड कोरं राहतं आणि मालक ते कोरं असल्याचं सांगतो. रेषा गेलेल्या, पण नंबर मात्र ठसठशीत, हे जुळत नाही.

बॉडी फायबरग्लासची असली तरी काचेभोवतीचा सांगाडा लोखंडी असतो. विंडस्क्रीनचे खांब आणि पायापाशीच्या बाजू टॉर्चने पाहा. बाहेरून देखणी कॉर्व्हेट आतून इथेच खलास झालेली असते.

प्रश्न : १९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस म्हणून एक गाडी दाखवली. डकटेल (मागच्या झाकणावरचा उचललेला स्पॉयलर), रुंद मागच्या कमानी, सगळं आहे.

उत्तर : डकटेल आणि कमानी कुणीही बसवू शकतो. मूळ २.७ आरएस सगळ्या मिळून १,५८० बनल्या, आणि साध्या ९११ पासून बनवलेल्या प्रतिकृतीही भरपूर आहेत. चॅसिस नंबर ९११३६० ने सुरू होतो का ते आधी पाहा. ९११३१० असेल तर ती ९११ टी, ९११३२० म्हणजे ९११ ई, ९११३३० म्हणजे ९११ एस. इंजिनाचा प्रकार ९११/८३ असायला हवा. नंबर बरोबर निघाला की पुढच्या डिकीत पेट्रोल टाकीमागचा, नंबर असलेला पत्रा वरून आणि खालून पाहा. एका गाडीचा नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून दुसरीत वेल्ड केला जातो. वरून फिनिशिंग केलं तरी खालून सांधा लपवणं कठीण असतं. शेवटचा शब्द कारखान्याच्या नोंदींचा.

प्रश्न : शेडमध्ये शेल्बी कोब्रा सापडली असं ऐकलं. बघायला जावं का?

उत्तर : जा, पण आधी फोनवर दोन गोष्टी विचारा. बॉडी ॲल्युमिनियमची की फायबरग्लासची? मूळ कोब्रा ॲल्युमिनियमच्या होत्या. फायबरग्लास म्हटलं की ती प्रतिकृती. दुसरं, चॅसिसच्या मुख्य नळ्यांचा व्यास. लीफ स्प्रिंगच्या आधीच्या गाड्यांना तीन इंची, कॉइल स्प्रिंगच्या ४२७ ला (४२७ घनइंची इंजिनाच्या गाड्यांना) चार इंची. नंबर सीएसएक्स २००० किंवा ३००० च्या मालिकेतला असायला हवा. ४००० ची मालिका नंतरच्या काळातली आहे. ४२७ च्या नावाने गेलेल्या काही गाड्यांत कारखान्यानेच ४२८ इंजिन घातलं होतं, तेव्हा तेवढ्यावरून गाडी नाकारू नका. ॲल्युमिनियमची बॉडीसुद्धा आता नवी बनते, म्हणून गाडीच्या पहिल्या मालकापासूनची साखळी मिळेपर्यंत पैशांचं बोलू नका.

प्रश्न : दोन गाड्या समोर आहेत. एक ई-टाइप २+२ (मागे दोन छोट्या सीट असलेली), जवळजवळ पूर्ण आणि कमी सडलेली. दुसरी कमी ओळखीच्या कंपनीची स्पोर्ट्स कार, मोजक्याच बनलेली. दुर्मीळ आहे म्हणून दुसरी घ्यावी का?

उत्तर : दुर्मीळ आणि हवीहवीशी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ई-टाइप ७२ हजारांहून जास्त बनल्या, तरी मागणी कायम आहे. उलट शेकड्यांत बनलेल्या कित्येक गाड्यांना विचारणारं कुणी नाही, कारण त्या दिसायला, चालवायला किंवा इतिहासात फारशा लक्षात राहिल्या नाहीत.

हिशेब असा करा. पत्रा, रंग, क्रोम, अपहोल्स्ट्री, इंजिन या कामांचा खर्च दोन्ही गाड्यांना जवळपास सारखाच येतो. पत्राकाम करणाऱ्याचा तास गाडीचं नाव बघून स्वस्त होत नाही. काम संपल्यावर मिळणारी किंमत मात्र खूप वेगळी असते. त्यातून कमी ओळखीच्या गाडीचे भाग मिळत नाहीत. ई-टाइपचं जवळजवळ सगळं अजून बनतं. दुसऱ्या गाडीचा मागचा दिवा, खिडकीचं रबर किंवा विंडस्क्रीन नसेल तर त्या एका वस्तूपायी वर्षं जातात. म्हणून जायच्या आधी यादी करा आणि गाडीत काय आहे यापेक्षा काय नाही ते मोजा. काचा, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, मीटर, स्टिअरिंग व्हील, चावीचं कुलूप, टूल किट, कापडी छपराची फ्रेम. इंजिनाचं काम कुणीही चांगला फिटर करील. नसलेली पट्टी कुणी करून देत नाही.

ई-टाइपमध्येही पायऱ्या आहेत. रोडस्टर सगळ्यात वर, मग दोन सीटची कूपे, मग २+२. पहिल्या सिरीजच्या गाड्या, म्हणजे झाकलेल्या हेडलाइटच्या, नंतरच्या उघड्या हेडलाइटवाल्यांपेक्षा वर. २+२ लांब आणि छप्पर उंच असल्यामुळे मागे पडते. पण तुम्हाला चालवायची असेल आणि उंची जास्त असेल, तर तीच जास्त सोयीची. आमचा कल २+२ कडे आहे, कारण ती पूर्ण आहे. अपूर्ण गाडी स्वस्तात मिळाली तरी सगळ्यात महाग पडते.

मूळ रंगसंगती, पहिल्या मालकाची कागदपत्रं आणि स्पर्धेचा खरा इतिहास यांनी किंमत चढते. पण इतिहास त्या विशिष्ट गाडीचा असावा, मॉडेलचा नाही. ऑस्टिन-हीली १०० घ्या. कारखान्याने १००एम म्हणून ६४० गाड्या बनवल्या, आणि त्याच सुधारणांचा किट विक्रेत्याकडून नंतरही बसवून मिळत असे. दोन्ही गाड्यांना जाळीच्या खाचांचं बॉनेट आणि मोठे कार्बोरेटर, दिसायला सारख्याच. कारखान्यातली कोणती हे ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टच्या नोंदीवरून पाहा. किट नंतर बसवलेली गाडी वाईट नाही, तिला योग्य भाव द्या एवढंच.

प्रश्न : गाडी घेतली. मुलं म्हणतात, बॅटरी लावून एकदा स्टार्ट करून बघू.

उत्तर : कृपया नको. वर्षानुवर्षं पडून असलेल्या इंजिनाचं सगळ्यात जास्त नुकसान त्या पहिल्या सेल्फमध्ये होतं. सिलिंडरला लागलेला गंज रिंगा तोडतो, चिकटलेला व्हॉल्व्ह वाकतो, कोरड्या बेअरिंगवर क्रँक फिरतो.

सुरुवात मास्क आणि हातमोज्यांपासून. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, जंतुनाशकाने भिजवून पुसून काढा. त्या धुळीतून हंटाव्हायरस पसरतो. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते हवेच्या पाइपने कधीही उडवू नका.

मग सगळे स्पार्क प्लग काढा. कोणता कोणत्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा, कारण प्लगची अवस्था त्या सिलिंडरची हकीकत सांगते. बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत सोडून भिंती पाहा. हलका तांबूस थर चालेल. खड्डे दिसले तर इंजिन उघडायचंच, पुढच्या पायऱ्या सोडा. प्रत्येक सिलिंडरमध्ये १०-१५ मिली पेनिट्रेटिंग ऑइल घाला. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळूनही चालतं. ॲसिटोन लगेच पेट घेतं, म्हणून उघड्या हवेत आणि आगीपासून लांब. दोन-तीन दिवस तसंच ठेवा, रोज थोडं घाला. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या नटाला मोठा पाना लावा आणि हाताने मागे-पुढे अगदी थोडं हलवा. एका ठराविक जागी येऊन ठक्कन थांबलं तर व्हॉल्व्ह अडकलाय. तिथे जोर लावू नका, व्हॉल्व्ह कव्हर काढा. गाडी गिअरमध्ये टाकून ओढून इंजिन सोडवण्याचा उपाय कुणी सांगेल, तो अजिबात करू नका.

इंजिन दोन पूर्ण फेरे मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढा. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खाली घेता आला तर घ्या, तळाशी डांबरासारखा गाळ असतो. नवं ऑइल आणि फिल्टर टाकून, प्लग न लावता, ऑइल प्रेशर मीटरवर दिसेपर्यंत सेल्फ मारा. पेट्रोल गाडीच्या टाकीतलं वापरू नका, बाहेरच्या छोट्या डब्यातून द्या. टाकीतलं काळं पेट्रोल कार्बोरेटरची जेट बंद करतं.

बॅटरी जोडण्याआधी ध्रुव तपासा. ३.८ ई-टाइप आणि १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॉडीला प्लस जोडलेला असतो. सवयीने मायनस बॉडीला लावला तर घोटाळा. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असणारच, म्हणून मुख्य केबलमध्ये फ्यूज घालूनच पहिला करंट द्या. अग्निशामक हाताशी हवा.

इंजिन चालू झालं म्हणून गाडी हलवू नका. ब्रेकचं रबर सगळं जातं : मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपरची सीलं, होज. पेडल घट्ट लागलं तरी विश्वास ठेवू नका, एका दाबात सील फुटून पेडल जमिनीला लागतं. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. टायर कितीही नक्षीदार दिसले तरी दहा वर्षांवरचे चालवायला घेऊ नका, पण मूळ असतील तर फेकूही नका, जपून ठेवा.

प्रश्न : पूर्ण रिस्टोरेशन करावं की आहे तशीच ठेवावी?

उत्तर : मूळ रंग, मूळ सीट आणि मूळ पत्रा निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर राखा. रंग उडालेला, चामडं तडकलेलं असलं तरी. मूळ अवस्था परत विकत घेता येत नाही, रिस्टोरेशन केव्हाही करता येतं. फ्रान्समध्ये २०१४ मध्ये उजेडात आलेल्या बायों संग्रहातली फेरारी २५० जीटी एसडब्ल्यूबी कॅलिफोर्निया स्पायडर २०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या लिलावात धुळीसकट मांडली गेली आणि सुमारे १.६३ कोटी युरोला गेली. तो अपवादात्मक दर्जाचा मॉडेल होता हे खरं. धूळ लागलेल्या साध्या गाडीला तो न्याय लागू होत नाही.

गाडी राखायची म्हणजे ती असुरक्षित ठेवायची असं नाही. ब्रेक, टायर, पेट्रोलची नळी, वायरिंग नवं करा आणि काढलेले भाग लेबल लावून पेटीत ठेवा. धूळ आधी मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने घ्या, मग ओलसर मायक्रोफायबरने. प्रेशर वॉशर नको, पाणी सांध्यात शिरतं आणि गंज आतून सुरू होतो. पत्रा सडून सांगाडाच कमकुवत झाला असेल, किंवा मूळ रंग आधीच दोन-तीनदा घासून गेला असेल, तर राखण्यासारखं उरलेलं नसतं. मग निःसंकोच पूर्ण उघडा, पण मूळ रंगाचा तुकडा हेरिटेज प्रमाणपत्रातल्या रंगाशी जुळवूनच. तो बहुधा डॅशबोर्डच्या मागे किंवा दरवाजाच्या बिजागरीखाली सापडतो.

प्रश्न : कागदपत्रं हरवली आहेत. विकणारा म्हणतो, नंतर करून देतो.

उत्तर : नंतर नाही, आधी. चॅसिस नंबर पोलिसांकडून चोरीच्या नोंदीत तपासून घ्या, नोंदणी कार्यालयात शेवटचा मालक कोण ते पाहा आणि वारसांमध्ये वाद नाही याचं लेखी मागा. एकाच चॅसिस नंबरावर दोन गाड्या हक्क सांगतात असे प्रकार महागड्या मॉडेलमध्ये घडतात. अपघातात सापडलेल्या गाडीचे तुकडे दोघांकडे जातात आणि दोघेही गाडी उभी करतात. म्हणून त्या मॉडेलच्या क्लबच्या नोंदवहीत तोच नंबर दुसऱ्या कुणाकडे आहे का, ते विचारा. जुनी कागदपत्रं म्हणून काही दाखवलं तर अंधारात अतिनील टॉर्चखाली धरा. कागदात चमक आणणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. १९३० च्या दशकातली म्हणून दिलेली पावती निळसर लखलखली तर ती त्या काळातली नाही.